पाच रॉकेटांचा लाकडी संच: काम सुबक, पण मधलं रॉकेट कुठं गेलं?

माझी नात यंदा सहावीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या गटाला भारताच्या उपग्रह प्रक्षेपणाचा इतिहास हा विषय आला. नुसते तक्ते लावण्यापेक्षा हातात घेता येईल असं काही असावं, म्हणून ऑनलाइन शोधून मी लाकडी रॉकेटांचा एक संच मागवला. किंमत २,४५० रुपये, घरपोच. विकणाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. धंदा छोटा आहे, त्यावर चार घरं चालत असतील, आणि त्याचं काम खरंच बरं आहे. पण त्या खोक्यात एक मोठी चूक आहे. ती घेणाऱ्याला आधी माहीत असावी म्हणून एवढं लिहितो.

मी कोण, हेही सांगतो. वालचंदनगरच्या कारखान्यात मशीन शॉपमध्ये मी एकतीस वर्षं काढली. टर्नर म्हणून लागलो तो निवृत्त होईपर्यंत लेथ सुटला नाही. पीएसएलव्ही या उपग्रह नेणाऱ्या रॉकेटाच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या टप्प्याच्या मोटर केसिंगचं काम, म्हणजे घन इंधन ज्यात भरतात त्या नळकांड्याचं काम, आमच्या कारखान्यात व्हायचं. ही केसिंग मॅरेजिंग स्टील नावाच्या खास मजबूत पोलादाची असते आणि तिचा व्यास २.८ मीटर. एका भागाच्या आत उभं राहून हात वर केला तरी बोटं वरच्या कडेला लागत नाहीत. असे पाच भाग एकावर एक बसवून पहिला टप्पा तयार होतो. ज्याने हे पाहिलंय, त्याच्या हातात अठ्ठावीस मिलिमीटरचं पीएसएलव्ही आलं की तो आधी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, शोधतो. मीही तेच केलं.

आधी चांगलं सांगतो. पॅकिंग नीट होतं, प्रत्येक रॉकेटाला फोममध्ये वेगळा खाचा. लाकूड हलकं पण टणक आहे, रेषा कुठे उठलेल्या नाहीत. रंग स्प्रेने मारलाय, ओघळ नाहीत. टप्पे वेगळे होतात आणि आत चुंबक बसवलेत, त्यामुळे एक टप्पा काढून बाजूला ठेवता येतो. मुलांना हे फार आवडतं. नातीच्या मैत्रिणींनी पहिल्या दिवशी पन्नास वेळा टप्पे काढले आणि लावले असतील, तरी एकही चुंबक निघाला नाही. खोक्यात एसएलव्ही-३, पीएसएलव्ही, जीएसएलव्ही, एलव्हीएम-३ आणि एसएसएलव्ही अशी पाच रॉकेटं येतात, आणि सोबत बारा पानांची रंगीत पुस्तिका.

खोक्यावर प्रमाण १:१०० असं छापलंय. म्हणजे खरा एक मीटर इथे एक सेंटिमीटर. मग हिशेब सोपा आहे. एसएलव्ही-३ खरं २२ मीटर उंच होतं, मॉडेल २२ सेंटिमीटर हवं. ते बरोबर आहे. पीएसएलव्ही ४४ मीटर, मॉडेल ४४ सेंटिमीटर. तेही बरोबर. एलव्हीएम-३ मात्र खरं साडेत्रेचाळीस मीटर उंच आहे आणि संचातलं आहे ५२ सेंटिमीटर! आपलं सगळ्यात ताकदीचं रॉकेट म्हणून त्याला सगळ्यात उंच केलंय. प्रत्यक्षात ते पीएसएलव्हीपेक्षा किंचित बुटकं आणि जीएसएलव्हीपेक्षा तर बरंच बुटकं आहे. त्याची ताकद अंगात आहे. मधला भाग ४ मीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंचे घन इंधनाचे बूस्टर ३.२ मीटरचे, आणि सगळं मिळून वजन ६४० टन. नातीने विचारलं, "आबा, मोठं रॉकेट उंच नसतं का?" तिला मी तालमीतला पैलवान आणि शाळेतला ड्रिलमास्तर आठवायला सांगितलं. संचाने हा प्रश्न मुलांना पडूच दिला नाही, याचं मला वाईट वाटलं.

दुसरी चूक मापाचीच, पण मला ती जास्त लागली. पीएसएलव्हीच्या भोवती जे सहा छोटे बूस्टर असतात, ज्यांना स्ट्रॅप-ऑन म्हणतात, ते संचात ८ मिलिमीटर जाडीचे आहेत. हवेत १० मिलिमीटर. एसएलव्ही-३ सुद्धा १० मिलिमीटर हवं, आणि ते आहे. या दोन आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. एसएलव्ही-३ चा पहिला टप्पा एक मीटर व्यासाचा, नऊ टन घन इंधनाचा होता. ते रॉकेट चार उड्डाणांनंतर थांबलं, पण त्याच्या पहिल्या टप्प्याची मोटर थांबली नाही. तीच पुढे पीएसएलव्हीच्या अंगाला बांधली गेली. पुढच्या एक्सएल प्रकारात ती लांब करून बारा टन इंधनाची केली, व्यास तोच ठेवला. म्हणजे चांद्रयान-१ घेऊन २२ ऑक्टोबर २००८ ला आणि मंगळयान घेऊन ५ नोव्हेंबर २०१३ ला जे पीएसएलव्ही उडालं, त्याच्या अंगावर ऐंशी सालच्या त्या छोट्या रॉकेटाचे सहा वंशज होते. माप बरोबर असतं तर नातीला एसएलव्ही-३ चा खालचा टप्पा काढून पीएसएलव्हीशेजारी धरता आला असता आणि न सांगता कळलं असतं. दोन मिलिमीटरने ते गेलं.

या चुंबकांचा एक मोठा उपयोग मात्र आहे. सहाही स्ट्रॅप-ऑन काढून टाकले की पीएसएलव्हीचा 'कोअर अलोन' प्रकार होतो, दोन लावले की वेगळा, चार लावले की आणखी वेगळा. खरं पीएसएलव्हीसुद्धा वजनाप्रमाणे असंच कमी-जास्त करून उडवतात. पुस्तिकेत हे लिहिलेलं नाही, तुम्ही मुलांना दाखवा. सहा असतात तेव्हा हल्ली चार जमिनीवरच पेटतात आणि उरलेले दोन साधारण पंचवीस सेकंदांनी हवेत, हेही सांगा.

जीएसएलव्हीलाही याच चुंबकाने चार बूस्टर लावलेत आणि ते पटकन निघतात. इथे निघायला नको होते. जीएसएलव्हीचे चार बाजूचे बूस्टर द्रव इंधनाचे असतात, प्रत्येकात विकास नावाचं एक इंजिन. मधली घन इंधनाची मोटर आधी जळून संपते आणि हे चौघं नंतरही जळत राहतात. त्यामुळे ते सुटे होत नाहीत, मधल्या रिकाम्या मोटरीला घेऊनच सगळे एकदम खाली जातात. मी त्या चौघांना फेव्हिकॉलने कायमचं चिकटवून टाकलं.

आता पुस्तिका. चित्रं सुंदर, कागद जाड. पण पहिल्याच पानावर आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट श्रीहरिकोट्याहून उडाला असं छापलंय. आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत रशियातल्या कापुस्तिन यार इथून, त्यांच्या रॉकेटावर गेला. ३६० किलोचा उपग्रह बंगळूरजवळ पीण्याच्या शेडमध्ये आपण घडवला, पण वर न्यायला आपल्याकडे काही नव्हतं. जुन्या दोन रुपयांच्या नोटेच्या मागे त्याचं चित्र होतं. माझ्याकडे तसली एक नोट अजून आहे, ती मी त्या पानावर चिकटवली आणि शेजारी बरोबर ठिकाण लिहिलं. ही चूक बारीक वाटेल, पण दुसऱ्याच्या रॉकेटावर जाणं आणि आपल्या रॉकेटावर जाणं यांच्यातली पाच वर्षंच तर हा सगळा इतिहास आहे.

पुस्तिकेच्या मधल्या दोन पानांवर तारखांची रांग आहे. १८ जुलै १९८०, एसएलव्ही-३, रोहिणी उपग्रह. १५ ऑक्टोबर १९९४, पीएसएलव्ही. १८ एप्रिल २००१, जीएसएलव्ही. ५ जून २०१७, एलव्हीएम-३. १० फेब्रुवारी २०२३, एसएसएलव्ही. सगळ्या यशाच्या तारखा. रांग वाचून असं वाटतं की आपण एक रॉकेट करत गेलो आणि ते उडत गेलं.

एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ चं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह अडकला, नियंत्रणासाठीचं नायट्रिक आम्ल गळून गेलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. त्या दिवशी पत्रकारांसमोर इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. प्रकल्प संचालक अब्दुल कलामांना पुढे केलं नाही. पुढच्या वर्षी जमलं तेव्हा कलामांना पाठवलं. ते यश मिळालं त्या वेळी केरळातल्या थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते, घन इंधनातला जाणता माणूस. ३५ किलोचा रोहिणी वर पोचला, आणि स्वतःच्या रॉकेटाने स्वतःचा उपग्रह नेणारा भारत जगातला सातवा देश ठरला. पुस्तिकेत सातवा देश आहे, व्हॉल्व्ह नाही.

पीएसएलव्हीचंही तेच. पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ चं. आमच्या शॉपमध्ये त्या दिवशी कुणी जेवणाच्या सुट्टीत डबा धड खाल्ला नाही. संध्याकाळी बातम्यांत कळलं की पहिला टप्पा नीट जळला, पण दुसरा टप्पा सुटताना गडबड झाली, त्यातच नियंत्रणाच्या संगणक प्रणालीत एक चूक निघाली, आणि रॉकेट समुद्रात गेलं. आमचं लोखंड टिकलं होतं, तरी घास उतरला नाही. दहा दिवसांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि तो महिना आमच्या घरात अजून तसाच एकत्र आठवला जातो. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते उडालं. त्या आधीच्या वर्षाशिवाय ऑक्टोबरची ती तारीख मला कुणी वाचून दाखवली तर ती मला माझी वाटत नाही.

हे पुस्तिकेचं झालं. पुस्तिका फाडून टाकता येते. खरी तक्रार संचाची आहे. एसएलव्ही-३ नंतर थेट पीएसएलव्ही! मध्ये एक रॉकेट होतं, एएसएलव्ही. फोममध्ये त्याच्यासाठी खाचाच नाही.

मी विकणाऱ्याला फोन केला. माणूस सभ्यपणे बोलला. म्हणाला, "काका, ते फेल गेलेलं रॉकेट आहे. ते कोण घेणार?" मी त्याला म्हटलं, पाच मिनिटं ऐकणार का? त्याने ऐकलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

एसएलव्ही-३ ने ४० किलोपर्यंत वजन वर नेता यायचं. उपयोगाचा उपग्रह त्यात बसत नाही. एकदम मोठ्या रॉकेटावर उडी मारण्याआधी काही गोष्टी शिकायच्या होत्या: बाजूला बूस्टर बांधायचे कसे आणि सोडायचे कसे, रॉकेटाच्या जाडीपेक्षा फुगीर टोपी, म्हणजे उपग्रहावरचं झाकण, वर कशी टिकते, आणि उडत असतानाच रॉकेटाने आपली वाट स्वतः तपासून सुधारायची कशी. हे सगळं शिकायला एएसएलव्ही बनवलं. खर्च वाचावा म्हणून जुन्याच एक मीटरच्या मोटरी घेतल्या. मध्ये एक, दोन्ही बाजूंना एक एक. उंची साधारण २४ मीटर, वजन सुमारे ४० टन, नेणार १५० किलो.

जमिनीवर फक्त बाजूच्या दोन मोटरी पेटायच्या. त्या संपत आल्या की मधली हवेतच पेटायची. २४ मार्च १९८७ ला बाजूच्या दोन जळून संपल्या आणि मधली पेटलीच नाही. १३ जुलै १९८८ ला ती पेटली, पण बाजूच्यांचा जोर आधीच ओसरला आणि त्या मधल्या क्षणी रॉकेटाला सावरायला काही उरलं नाही. हवेचा मारा सगळ्यात जास्त असतो नेमकं तिथेच ते वेडंवाकडं झालं आणि तुटलं. लागोपाठ दोन. देशात तेव्हा काय काय बोललं गेलं ते माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल. आमच्याकडे चहाच्या टपरीवर लोक आम्हाला विचारायचे, जणू आम्हीच उडवलं होतं.

मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही मशीन शॉपमधल्या माणसाला कळेल. जॉब रिजेक्ट झाला की तो भंगारात टाकायच्या आधी कुठल्या पासला, म्हणजे कापणीच्या कुठल्या फेरीत, गेला ते शोधायचं. त्यांनी तो क्षण शोधला. रॉकेटाला पंख लावले, म्हणजे ते हवेत स्वतःहून सरळ राहील. आणि मधली मोटर घड्याळ पाहून पेटवायची सोडून दिली. बाजूच्यांचा जोर उतरायला लागला हे रॉकेटानेच ओळखायचं आणि तेव्हा मधली पेटवायची, असं केलं. २० मे १९९२ ला ते वर गेलं. ४ मे १९९४ ला पुन्हा गेलं. मग ते बंद केलं, कारण शिकून झालं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पीएसएलव्ही वर पोचलं, बाजूला सहा बूस्टर बांधून आणि डोक्यावर फुगीर टोपी घालून.

फोनवरचा माणूस थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, चार जणांनी मागितलं तर करीन." म्हणून हे वाचणाऱ्यांना विनंती आहे, संच घ्या आणि त्याच्याकडे एएसएलव्ही मागा.

बाकी दोन रॉकेटांबद्दल थोडक्यात. एसएसएलव्हीचं माप आणि काम निर्दोष आहे: ३४ सेंटिमीटर, २० मिलिमीटर. जीएसएलव्हीचा वरचा क्रायोजेनिक टप्पा वेगळ्या रंगात दाखवलाय, ते चांगलं केलं. उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन आणि उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन त्यात असतो. रशियाकडून हे तंत्रज्ञान घ्यायचं ठरलं होतं, पण अमेरिकेच्या दबावाने १९९३ मध्ये ते थांबलं. तयार टप्पे मिळाले, करायची विद्या मिळाली नाही. ती इथे उभी करायला वीस वर्षं गेली. आपला पहिला क्रायोजेनिक टप्पा १५ एप्रिल २०१० ला चालला नाही, ५ जानेवारी २०१४ ला चालला. पुस्तिकेत यावर दोन ओळी आहेत. मला चार पानं आवडली असती.

कुणासाठी घ्यावा? सातवीआठवीपर्यंतच्या मुलांसाठी, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी जरूर घ्या. अगदी लहान मुलं घरात असतील तर नको, चुंबक बारीक आहेत. स्टँड हलके आहेत, पंख्याच्या वाऱ्याने एलव्हीएम-३ पडतं. मी खाली शिशाच्या चकत्या लावल्या. तारेच द्यायचे तर पाचपैकी तीन. कारागिरीला पूर्ण तीन देतो, उरलेले दोन त्याने रिकाम्या जागी ठेवलेत.

ती जागा मी तशी सोडू शकत नव्हतो. इंदापूरच्या बाजारात एक कातारी आहे, लाटणी आणि भोवरे करतो. त्याच्याकडे सागाचा तुकडा घेऊन गेलो. त्याने पहिल्यांदा विचारलं, लाटणं की मुसळ? मग तीन दांडे काढून दिले, दहा मिलिमीटरला एक केसभर जास्त, बाकी मी घरी पॉलिश पेपरवर घासून मापात आणलं. टोपी वेगळी कातून वर बसवली. पंख पत्र्याचे कापले. दोन संध्याकाळ गेल्या.

नातीने ते एसएलव्ही-३ आणि पीएसएलव्ही यांच्यामध्ये उभं केलं. मग उचललं आणि रांगेच्या शेवटी, एलव्हीएम-३ च्या शेजारी नेऊन ठेवलं. "आबा, बघा ना, हे याचं पिल्लू दिसतंय." मध्ये एक, बाजूला दोन. मी तिला तेव्हाच सांगितलं, कारण हे तिने शोधलं होतं: एलव्हीएम-३ मध्येही जमिनीवर फक्त बाजूचे दोन बूस्टर पेटतात, आणि मधला टप्पा साधारण पावणेदोन मिनिटांनी हवेत पेटतो. १४ जुलै २०२३ ला दुपारी याच रॉकेटावर चांद्रयान-३ उडताना आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. मधलं पेटलं असं ऐकू आलं तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो, आणि तेव्हा लहान असलेल्या या पोरीने विचारलं होतं की अजून रॉकेट वर पोचलं नाही, मग आबा आत्ताच का उठले.

प्रदर्शनात तिने तोच भाग बोलायचा ठरवलाय. १९८७ ची तारीख मोठ्या अक्षरात लिहिलीय.

कुणाला करून घ्यायचं असेल तर मापं लिहून ठेवा. एकूण उंची २४ सेंटिमीटर. तिन्ही दांड्यांची जाडी १० मिलिमीटर. बाजूचे दोन उंचीच्या निम्म्याहून थोडे कमी, आणि ते मधल्याला चुंबकाने लावा, चिकटवू नका, ते खरंच सुटायचे. टोपी दांड्यापेक्षा जरा फुगीर ठेवा. पंख विसरू नका.